धरण पाडताना रस्ता सांभाळला

क्लॅमथ नदीवरची धरणं पाडायच्या कामावर मला घेतलं, तेव्हा बाबांना फोन केला. आयुष्य पाटबंधारे खात्यात गेलेला माणूस. धरण पाडतायत म्हटल्यावर थोडा वेळ गप्प बसले. मग विचारलं, "रस्त्याला साइडपट्टी आहे का?" म्हटलं, फारशी नाही. "मग काम सुरू व्हायच्या आधी फोटो काढून ठेव. भरपूर काढ."

कॅलिफोर्नियाच्या उत्तर टोकाला, ओरेगॉनच्या हद्दीजवळचं हे काम. एकूण चार धरणं, तीन इकडे आणि एक ओरेगॉनात. कॉपको २ आधीच, २०२३ मध्ये काढलं. बाकीची तीन २०२४ मध्ये. माझ्याकडे रस्त्याची जबाबदारी होती. हॉर्नब्रुकहून नदीकाठाने आत जाणारा कॉपको रोड अरुंद, वळणावळणाचा. आत राहणाऱ्यांची सगळी ये-जा त्यावरच, आणि आता त्याच रस्त्याने ट्रेलरवर चढवलेली पोकलेन मशीन, डिझेलचे टँकर आणि कामगारांच्या गाड्या येणार होत्या. आयर्न गेट हे १७३ फूट उंचीचं मातीचं धरण. त्याची माती शेजारच्याच उतारावर, साठच्या दशकात जिथून काढली होती तिथेच परत टाकायची होती. हे फार चांगलं झालं. तो सगळा भराव गावच्या रस्त्याने वाहावा लागला असता तर रस्ता उरलाच नसता.

बाबांचं ऐकलं. गाडीला कॅमेरा लावून रस्त्याचं दोन्ही दिशांनी चित्रीकरण केलं. मग पायी निघालो. प्रत्येक भेगेशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो, प्रत्येक मोरीत वाकून बॅटरीचा उजेड. डांबराची कड कुठे तुटली आहे आणि कुठे शाबूत आहे, तेही लिहिलं. शाबूत जागांचे फोटो कशाला, असं सोबतचा मुलगा विचारत होता. नंतर उपयोगी पडले ते तेच.

गावकऱ्यांच्या बैठकीत नकाशा पसरला आणि खरं काम कळलं. शाळेची बस किती वाजता येते, गवताच्या गाठींचे ट्रक कधी निघतात, गुरं कुठे रस्ता ओलांडतात, हे माझ्या आराखड्यात नव्हतं. आणि सगळ्यांत मोठी भीती आगीची. जुलै २०१८ मध्ये क्लॅमाथॉन वणव्यात हॉर्नब्रुकने घरं जळताना पाहिली होती. एक बाई उभी राहून म्हणाली, "आग लागली आणि तुमचा ट्रेलर वळणात आडवा अडकला, तर आम्ही जायचं कुठून?" त्यानंतर आम्ही अवजड गाड्यांसाठी थांबायच्या जागा ठरवल्या आणि जास्त धोक्याच्या दिवशी रुंद ट्रेलर सोडायचे नाहीत, असं आराखड्यात घातलं.

तरी चूक झालीच. एका सकाळी रुंद ट्रेलर येणार म्हणून आम्ही रस्ता वीस मिनिटं अडवला. रांगेत पहिलीच गाडी एका आजोबांची. शेजारी आजी, वायरीका शहरात दवाखान्यात निघालेल्या. 'थांबा'ची पाटी धरलेल्या मुलीला कळत होतं की यांना सोडायला हवं. पण ट्रेलर नक्की कुठे पोचलाय हे तिला माहीत नव्हतं आणि विचारायला रेडिओही नव्हता. आजींची वेळ हुकली. मी संध्याकाळी घरी जाऊन माफी मागितली. आजोबा एवढंच म्हणाले, "आदल्या रात्री सांगितलं असतंत, तर लवकर निघालो असतो." दुसऱ्या दिवसापासून पाटीवाल्या प्रत्येकाकडे रेडिओ, आणि आदल्या संध्याकाळी प्रत्येक घरी मेसेज.

११ जानेवारी २०२४ ला आयर्न गेटचं पाणी सोडायला सुरुवात झाली. तेव्हा वाहतुकीपेक्षा मोऱ्यांची काळजी जास्त होती. तलाव भरलेला असतो तोवर ओढ्याचं पाणी मुखाशी शांत उभं असतं. तलाव उतरला की ओढा साठ वर्षांचा गाळ कापत खाली जातो आणि ती कापणी मागे सरकत रस्त्याच्या मोरीखाली पोचू शकते. पाऊस पडला की आम्ही आधी मोऱ्यांकडे धावायचो.

उन्हाळ्यात एका फाटकासमोर डांबराची कड हातभर ढासळली. माल वाहणाऱ्या मंडळींचा माणूस म्हणाला, हे आधीपासूनच तुटलेलं. मी आधीचा फोटो उघडून दाखवला. तीच जागा, मागे तोच कुंपणाचा वाकडा खांब, आणि कड सरळ, अखंड. आठवड्यात दुरुस्ती झाली. आणखी एका तक्रारीत मात्र भेग जुनीच निघाली. तेही मी त्या घरी जाऊन फोटोसकट सांगितलं. त्यांना आवडलं नाही, पण त्यांनी पाहून घेतलं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला धरणांचं पाडकाम संपलं. शेवटच्या पाहणीला त्याच रस्त्याने, तीच मोजपट्टी घेऊन चाललो होतो. आजोबा फाटकापाशी उभे होते. आता गाळाच्या जमिनीवर बी आणि रोपं लावणाऱ्यांच्या गाड्या कधी येणार, असं त्यांनी विचारलं. मी तारखा सांगितल्या. ते आत जाऊन कॅलेंडर घेऊन आले आणि गाडीच्या बॉनेटवर ठेवून एकेक तारखेवर खूण करत गेले.