आमची वाटचाल : भाताच्या कोठारापासून घरापर्यंत

१९९४ साली बोरिवली पूर्वेला, दहिसर नदीच्या काठाजवळच्या एका भाड्याच्या गाळ्यावर आमच्या फर्मची पाटी लागली. त्याआधी सहा वर्षे मी आणि मिस्त्रीकाका गिरगाव, परळ आणि लालबागच्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या, चाळींना टेकू देण्याची कामे पोटकंत्राटदार म्हणून करीत होतो. कललेल्या सज्जाखाली धिरा, म्हणजे टेकूचा खांब, कोठे द्यायचा, जॅकला किती फेरे द्यायचे आणि त्यातला कोणता फेरा जास्त झाला की वरच्या मजल्यावरच्या भिंतीला चीर जाते, हे त्या सहा वर्षांत हाताला कळले. पुढे शेतीच्या जुन्या इमारतींची राहती घरे करण्याचे काम आम्ही पत्करले तेव्हा आमचे खरे भांडवल एवढेच होते, आणि ते पुरले, हे मी अभिमानाने नमूद करतो.

मिस्त्रीकाका मूळचे संगमेश्वरकडचे, वयाने माझ्याहून बावीस वर्षांनी मोठे आणि भागीदारीत निम्म्याचे. त्यांच्याजवळ त्यांच्या वडिलांची लाकूड तासायची वाकस, लाकूड कोरायच्या पाव इंचापासून दीड इंचापर्यंतच्या सहा पटाश्या आणि एक लाकडी रंधा होता. नागदेवीच्या हत्यारांच्या बाजारातून मी विजेवरचा रंधा आणला, तो त्यांनी आनंदाने वापरला. कुसू, म्हणजे सांध्याच्या खाचेत जाणारे लाकडाचे टोक, बसवायची वेळ आली मात्र की हात पटाशीकडेच जाई. तुळई तपासताना ते हातोडीच्या दांड्याने तिच्यावर टोकापासून टोकापर्यंत ठोके देत आणि भिंतीत गेलेल्या टोकापाशी थांबत, कारण तुळई कुजते ती तेथून, जेथे तिला वारा लागत नाही. मग गिरमिटाने बारीक भोक पाडून बाहेर येणारा भुसा तळहातावर घेत. तो कोरडा आणि वासाचा निघाला तर तुळई ठेवायची. काळपट आणि ओला निघाला तर तेवढे टोक कापून तेथे जुन्याच सागाचा जोड द्यायचा. आज आम्ही ओल मोजण्याचे मीटर वापरतो. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला वाव मिळतो, हे ते यंत्र आकड्यात सांगते, पण टोकापाशी थांबायला ते शिकवत नाही.

ज्या कामाने आम्हाला नाव दिले आणि ज्याने आम्ही जवळजवळ बुडालो, ते काम मनोरीचे. तेथील एका निवृत्त शिक्षिकेच्या, म्हणजे आमच्या बाईंच्या, आजोबांचे भाताचे कोठार गावठाणात पडून होते. जोते काळ्या दगडाचे, भिंती दगड-चुन्याच्या आणि दीड हात जाड, खांब ऐनाचे, तुळया सागाच्या, आणि एका अंगाला गुरांचा गोठा. छपरावर मंगलोरी कौले होती आणि त्यांवर बासेल मिशनच्या कारखान्याचा १८६५ सालचा ठसा होता. अनेक घरमालक हा आकडा पाहून आपले छप्पर तेवढे जुने समजतात. ते साल मंगळूरच्या कारखान्याच्या स्थापनेचे आहे आणि पुढे कित्येक वर्षे काढलेल्या कौलांवरही तेच उमटत राहिले, हे ध्यानात ठेवावे.

बाईंना दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि नातवंडांसाठी माळा हवा होता. इतर सर्वांनी त्यांना पाडून स्लॅब टाकण्याचा सल्ला दिला होता. कोठार अंधारे आणि कोरडे राहावे म्हणून बांधलेले असते, घराला उजेड आणि पाणी दोन्ही लागतात. सगळी अडचण या एका गोष्टीत आहे. खिडकीसाठी भिंत फोडण्याआधी आम्ही तिच्यातून आडवे दांडे आरपार घालून वरचा भार धिऱ्यांवर घेतला, दगडी पट्टी बसवली आणि मगच खालचे दगड काढले. न्हाणीघर मूळ भिंतींच्या आत घेण्यास मिस्त्रीकाकांनी ठाम नकार दिला आणि मागच्या बाजूला स्वतंत्र पडवी काढून पाण्याचे सर्व नळ तिच्यात नेले. माळ्याची चिंता नव्हती, कारण ज्या तुळयांनी वर्षानुवर्षे भाताची पोती पेलली त्यांना दोन खाटा जड नव्हत्या.

मे २००५ मध्ये आम्ही कौले उतरवली, मोजून ओळीने अंगणात रचली आणि किडलेल्या रिपा, म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्ट्या, काढल्या. छप्पर पूर्ण उघडे होते. अशा वेळी, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, सहा वर्षे आमच्याकडे काम शिकलेला आमचा मुकादम पाच सुतारांना घेऊन निघून गेला. मजुरीचा वाद नव्हता, आदल्या शनिवारी सर्वांचा हिशेब चुकता झाला होता. त्याने स्वतःचे कंत्राट सुरू केले आणि पहिला फोन आमच्या बाईंनाच केला. चुना आणि लाकूड यांचे दिवस संपले, पंचेचाळीस दिवसांत स्लॅब टाकून देतो, दरही यांच्याहून कमी, असे त्याने त्यांना सांगितले. ज्याला ओळंबा धरायला आम्ही शिकवले, त्याने पावसाच्या तोंडावर उघड्या छपराखाली आम्हाला सोडले, ही गोष्ट मी आजही विसरलेलो नाही आणि विसरण्याचे कारणही मला दिसत नाही.

बाईंनी त्याला उत्तर दिले की काम ज्यांना दिले आहे तेच पुरे करतील. त्यांच्या भाच्यांनी होड्यांवरची ताडपत्री आणून छपरावर बांधली. मिस्त्रीकाका तेव्हा साठीच्या पुढे होते. ते, मी आणि गावातले दोन तरुण रोज पहाटे रिपा ठोकत असू. लांब लाकूड भाईंदर-उत्तनमार्गे टेंपोने येई आणि खिळे-स्क्रू मी मार्वेच्या फेरीबोटीतून पिशवीत नेत असे. जूनअखेर कौले चढली.

त्यानंतर २६ जुलै उजाडला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि नदीचे पाणी आमच्या गाळ्यात छातीपर्यंत चढले. पडलेल्या चाळींतून जमवलेले बर्मा सागवान ओंडक्यांसारखे तरंगून एकमेकांवर आदळले, पट्टीकरवतीची मोटर जळाली, आणि कळीच्या, म्हणजे न विरवलेल्या, चुन्याची पोती पाण्यात विरून अशी उकळली की वाफेमुळे दोन तास आत पाऊल टाकता आले नाही. विमा उतरवलेला नव्हता. मनोरीच्या खड्ड्यात मुरत घातलेला चुना तेवढा वाचला. ऑगस्टमध्ये मी पत्नीच्या बांगड्या गहाण ठेवल्या आणि पाटी उतरवण्याचा विचार मिस्त्रीकाकांजवळ बोलून दाखवला. त्यांनी काही न बोलता गाळ्यातल्या चिखलातून पटाश्या शोधून धुतल्या, खोबरेल लावले आणि उन्हात मांडल्या. त्याच आठवड्यात बाईंनी उरलेल्या कामाचे सर्व पैसे आगाऊ दिले. पावती मी मागून दिली, त्यांनी ती मागितली नव्हती.

गोठ्याकडच्या भिंतीने मात्र आमची कसोटी घेतली. गुरांच्या मूत्रातले क्षार दगडाच्या सांध्यांत वर्षानुवर्षे मुरलेले असतात. पावसाळ्यात ते विरघळतात, उन्हाळ्यात पृष्ठभागावर येऊन पांढरे फुटतात आणि गिलावा ढकलून पाडतात. अशा भिंतीला सिमेंट लावले तर ओल आतच कोंडते आणि खार शेजारून किंवा वरून बाहेर पडतो. आम्ही चुन्या-वाळूचा सैल गिलावा मुद्दाम पाडण्यासाठीच लावला, खार त्यात चढू दिला, मग तो खरवडून दूर टाकला आणि पुन्हा लावला. तीन वेळा असे केल्यावर चौथा गिलावा टिकला. याला दोन वर्षे लागली आणि त्या काळात बाईंनी त्या खोलीत फक्त सायकली ठेवल्या. भिंतीला रंग देण्याची घाई करणाऱ्या प्रत्येक मालकाला मी हे ऐकवतो.

आमच्या त्या मुकादमाने शेजारच्या गावात सिमेंटने रंगवलेले गोठ्याचे घर पाच वर्षांत खार फुटून सोलले गेले, हे मी स्वतः पाहिले आहे. तरीही त्याच्या छापील माहितीपत्रकात मनोरीच्या कोठाराचे छायाचित्र त्याचे काम म्हणून आहे. मी त्याला पत्र लिहिले, उत्तर आले नाही. ज्यांना खात्री करायची असेल त्यांनी बाईंची परवानगी घेऊन माळ्यावर चढावे: आढ्याखालच्या तिसऱ्या तुळईच्या जोडावर मिस्त्रीकाकांच्या पटाशीने कोरलेली तीन रेघांची खूण आहे.

२००८ नंतर गोराई, उत्तन आणि वसईकडे नियमित कामे मिळत गेली. त्याविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही.

ज्यांना अशी इमारत विकत घ्यायची आहे त्यांनी छप्पर पाहण्याआधी सातबारा किंवा मालमत्ता पत्रक पाहावे. शेतजमीन असेल तर १९४८ च्या कूळकायद्यामुळे बिगरशेतकऱ्याला ती परवानगीशिवाय घेता येत नाही, आणि समुद्रकाठच्या पट्ट्यात १९९१ पासून बांधकामावर निर्बंध आहेत. बयाणा देऊन आमच्याकडे आलेल्या तीन कुटुंबांना मी हे उशिरा सांगू शकलो, याचे मला वाईट वाटते. जुनी कौले विकू नयेत. लाकडातले खिळे काढल्याशिवाय करवत लावू नये; चुंबक फिरवायला दहा मिनिटे लागतात आणि नवे पाते महाग पडते.

मिस्त्रीकाका २०१७ मध्ये गेले. वाकस त्यांच्या नातवाकडे आहे आणि तो आमच्याकडेच कामाला आहे. सध्या गोराईत एका गोठ्याचे काम चालू आहे, दुसरा गिलावा गेल्या महिन्यात खरवडला. तिसरा दिवाळीनंतर लागेल, तोपर्यंत त्या खोलीत पलंग ठेवू नये असे मालकांना लेखी कळवले आहे.