ही पाणी कुठून आणते?

परवा रात्री जेवणानंतर आईने चष्मा पुसला आणि माझ्या ग्राफिक नॉव्हेलची काढून झालेली चौसष्ट पाने एका बैठकीत पाहिली. बंदुकांबद्दल ती काही बोलली नाही, नायिकेच्या विजारीबद्दलही नाही (त्याची उत्तरे मी तयार ठेवली होती). एकतिसाव्या पानावर मात्र ती थांबली. साल १८७४, अमेरिकेतल्या नेव्हाडाचे वाळवंट, माझी नायिका टपालाची थैली पाठीला बांधून वाफेच्या घोड्यावरून निघालेली, मागे पानभर धूर. हे माझे सर्वांत लाडके पान आहे. आईने त्यावर बोट ठेवले. ‘‘अगं, ही पाणी कुठून आणते?’’ ‘‘कसले पाणी?’’ ‘‘मग वाफ कशाची होते?’’ असे म्हणून ती दिवे मालवायला गेली.

दोन दिवस झाले, तो प्रश्न डोक्यातून जात नाही.

आधी रागच आला. दोन वर्षे ऑफिसातून आल्यावर, डोळे मिटत असताना, मी एकेक चौकट शाईने भरली आहे. घोड्याच्या मानेवरचे खिळे मोजून काढले आहेत. बाबा असते तर त्यांनी निदान ते खिळे पाहिले असते, पण ते असो. हा सगळा प्रकार कल्पित यंत्रांचा आहे, इथे पाण्याचा हिशेब कोण मागतो, असे मी स्वतःला बजावले आणि ते मला स्वतःलाच पटले नाही. कारण खरा हिशेब मला ठाऊक होता. वाफेच्या इंजिनाचा जो झुकझुक आवाज आपण लहानपणी तोंडाने काढतो, तो आवाज म्हणजे काम झालेली वाफ धुराड्यातून बाहेर पडण्याचा असतो. त्या झोताने भट्टीला हवा ओढली जाते आणि दर झुकझुकीला थोडे पाणी कायमचे आकाशात जाते. म्हणून त्या काळच्या रेल्वेला ठिकठिकाणी पाण्याच्या टाक्या लागत आणि नेव्हाडाच्या कोरड्या पट्ट्यांत तर रेल्वेलाच आपले पाणी वाघिणींतून वाहून न्यावे लागे. जे पाणी तिथे सापडे ते खारे, बॉयलरमध्ये फेसाळणारे. ज्या ‘चाळीस मैलांच्या वाळवंटा’तून मी हिला ऐटीत दौडवली, तिथे १८५० सालच्या मोजणीत वाटसरूंची ९५३ थडगी होती आणि मेलेल्या घोड्यांची संख्या पाच हजारांच्या घरात. हे मी वाचले होते. वहीत टिपूनही ठेवले होते. आणि चित्रात त्यातला एकही थेंब नाही.

हे मला का लागले, ते अजून नीट कळत नाही. चूक तांत्रिक असती तर सुधारून मोकळी झाले असते. पण ज्यांनी ज्यांनी पाने पाहिली ते म्हणाले, ‘‘काय खंबीर बाई काढली आहेस!’’ आणि मी ते मुकाट्याने घेतले. ही बाई सहा माणसांना लोळवते, चालत्या यंत्राची झडप दुरुस्त करते. चौसष्ट पानांत तिला एकदाही तहान लागलेली नाही आणि टपालाच्या थैलीखेरीज तिने एकदाही काही वाहिलेले नाही. माझ्या खंबीर बाईचे पाणी दुसरेच कोणीतरी भरते आहे, चौकटीच्या बाहेर. बहात्तरच्या दुष्काळात आई अकरा वर्षांची होती. त्याबद्दल ती बोलत नाही, मीही कधी विचारले नाही.

काल रात्री वही पुन्हा उघडली, तेव्हा मात्र हसू आले. १८६८ साली न्यूअर्कमध्ये दोघांनी खरोखर वाफेचा माणूस बनवला होता, पावणेआठ फूट उंच, गाडी ओढण्यासाठी. त्याच वर्षी त्या कल्पनेवर एक स्वस्त कादंबरीही निघाली आणि तिचा नायक अर्थातच एक मुलगा होता. म्हणजे पाण्याचा विसर पडण्याची ही परंपरा चांगली जुनी आहे म्हणायची. त्याहून मजेचे माझ्याच नायिकेचे गाव. व्हर्जिनिया सिटीच्या चांदीच्या खाणींत खाली इतके कढत पाणी भरे की पंपांशिवाय काम चालत नसे, आणि वर गावाला प्यायला पाणी पुरत नव्हते. अखेर १८७३ साली सिएराच्या डोंगरातून सात मैलांचा लोखंडी नळ टाकला, तेव्हा कुठे गावाला पाणी मिळाले. इतकी आयती गोष्ट हाताशी असताना मी खिळे मोजत बसले होते!

आज सकाळी एकतिसावे पान बाजूला ठेवले आणि नवे काढायला घेतले. घोडा उभा, भट्टी मंद, नायिका खाऱ्या डबक्याकडून यंत्राकडे येते आहे, उजव्या हातात भरलेली बादली. धूर नाही. पान मलाच थोडे ओकेबोके वाटले, तरी पेन्सिलीचे काम संपवून आईला दाखवले.

तिने बराच वेळ पाहिले. ‘‘ही बादली रिकामी आहे,’’ ती म्हणाली.

‘‘भरलेली आहे, आई. वर पाणी काढले आहे बघ.’’

‘‘मग हिचे दोन्ही खांदे सारखे कसे?’’

ती न्हाणीघरात गेली, नळ सोडल्याचा आवाज आला. बादली काठोकाठ भरेपर्यंत ती बाहेर आली नाही. मग दारातूनच मला म्हणाली, ‘‘ये इकडे. उचल.’’