गाडी कुठं फिरते?

टायर गोटा झालेत हे मला सांगितलं आमच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांनी. "साहेब, चाकं बघितलीत का? आता तारा दिसायच्या बाकी आहेत." बोलेरो बिचारी आधीपासून सांगत होतीच. पहिल्या पावसात खंबाटकी उतरताना ब्रेक दाबला, तर जरा विचार करून थांबली. मी मात्र दोष रस्त्याला दिला.

टायर घ्यायचे म्हटल्यावर माझ्या मनात एकच चित्र होतं: बटनाचे टायर. जाडजूड ठोकळ्यांची नक्षी, कडेपर्यंत उतरलेली, त्यात चिखल रुतलेला. तसे टायर असले की गाडी उभी असतानाही कुठून तरी आल्यासारखी दिसते. आता कुठून, ते विचारू नका.

दुकानदारानं नेमकं तेच विचारलं.

"गाडी कुठं फिरते?"

"सगळीकडं."

"म्हणजे कुठं?"

डॉक्टरांनी "बाहेरचं खाणं किती?" विचारल्यावर जसा आवाज बारीक होतो, तसा माझा झाला. रोज कोथरूड ते हिंजवडी. गणपती, शिमगा आणि मधल्या चार-सहा खेपा मिळून वर्षातून दहादा पाटणकडच्या गावी. तिथं घरापासून शेतापर्यंत दीड किलोमीटर मातीचा रस्ता. तिथल्या तिथं बोटांवर हिशेब केला. वर्षाला सुमारे 14 हजार किलोमीटर डांबर आणि काँक्रीट. चिखल, जाऊन-येऊन, 30. त्या तिसातही ऐन आषाढात गाडी शेतात न्यायची माझी हिंमत नाही. एकदा नेली होती, तेव्हा चुलत्यांच्या ट्रॅक्टरनं ओढून काढली. आमच्या बोलेरोची जोर लावणारी चाकं मागची दोनच. बटनं लावली म्हणून पुढची दोन काही जोर लावणार नव्हती.

"मग एचटीच घ्या," तो म्हणाला. "एटी लावलात तर तीस किलोमीटर मजा आणि बाकी वर्षभर गुणगुण. ॲव्हरेज पडेल ते वेगळंच." एचटी म्हणजे हायवेचा टायर, एटी म्हणजे सगळीकडचा. ओल्या डांबरावर टायरखालचं पाणी बाहेर पडायला लांब सलग चऱ्या बऱ्या. चिखल झटकायला मोकळे ठोकळे बरे. अख्खी गाडी रस्त्याला टेकते ती प्रत्येक चाकाखाली जेमतेम तळहाताएवढी. एवढ्या जागेत दोन्ही हौशी कशा बसणार?

मी हार मानली नाही. "निदान 215 च्या ऐवजी 235 रुंदीचे बसवू." बोलेरोच्या टायरवर 215/75 आर 15 असं लिहिलेलं असतं: रुंदी 215 मिलिमीटर, तिच्या 75 टक्के उंची आणि 15 इंची रिम. त्यानं कॅल्क्युलेटर माझ्याकडं सरकवला. त्याच हिशेबानं 235 लावला तर चाकाचा व्यास 3 सेंटिमीटरनं वाढतो आणि काटा शंभरावर असताना गाडी एकशे चारनं पळत असते. म्हणजे काटासुद्धा खोटं बोलणार. मी पुरेसं बोललो होतोच.

दर ऐकून अण्णांना फोन लावला. ते हसले. आजोबांच्या बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असायची. चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान कडं, गोवऱ्यांच्या जाळात लाल करायचं, चिमट्यांनी उचलून लाकडी चाकावर ठोकत बसवायचं आणि लगेच पाणी ओतायचं. चर्र आवाज, वाफ, आणि आवळत जाणारी धाव आरे-पाटे असे करकचून धरायची की चाक एकजीव व्हायचं. "गाडी कुठं फिरते, असं लोहारानं विचारलं का हो कधी?" मी म्हटलं. "काय विचारायचंय? गावात रस्ता एक. घर ते शेत, शेत ते घर."

शेवटी चार एचटी घेतले. बसवायच्या आधी पोरानं प्रत्येकाच्या कडेवरचे चार आकडे दाखवले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. (नवा म्हणून दोन वर्षं गोदामात पडलेला टायर गळ्यात पडू नये, म्हणून हे चार आकडे वाचूनच पैसे द्यावेत.) नव्या टायरवरची रबराची बारीक लव मी उगाच बोटानं कुरवाळून घेतली. हलवणं-ठोकणं झालं, चाक डगमगू नये म्हणून रिमला शिशाची वजनं लागली, चाकं सरळ रेषेत आणणारी अलाइनमेंट झाली. जुने टायर आतल्या बाजूनं जास्त खाल्ले गेले होते, ते अलाइनमेंट बिघडल्यामुळंच, असं कळलं.

मग तो मागच्या दाराकडं गेला आणि स्टेपनीचं कव्हर काढलं. वेल्समधल्या लानेथ्ली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवर 1904 साली जादा चाकाचा धंदा सुरू झाला. तिथली गल्ली राहिली तिथंच, नाव मात्र आपल्याकडं पानाच्या टपरीपर्यंत पोहोचलं. माझी स्टेपनी कोरी करकरीत. नक्षी शाबूत, लवसुद्धा जागच्या जागी. एकदाही जमिनीला न टेकलेली. आकडे: 1114.

"अकरावा आठवडा, चौदा साल," तो म्हणाला आणि कडेवर अंगठा दाबला. रबरात केसाएवढ्या भेगा उघडल्या. "न चालताच म्हातारी झाली. हिच्यावर घाट चढू नका."

मग पाचवा टायरही घेतला. जुने चार त्यानं मोडीत घेतले. कोरी दिसणारी स्टेपनी द्यायला माझं मन होईना, ती मागं टाकून गणपतीला गावी नेली. अण्णा तिच्यात म्हशीसाठी पाण्याची कुंडी करणार होते. पण त्याआधी ती पुतण्याच्या हाती लागली. उघडा, गुडघ्यापर्यंत चिखलात, दोन्ही हातांनी तिला ढकलत तो शेताच्या रस्त्यानं सुटला होता, आणि तिच्या शाबूत चऱ्यांत पहिल्यांदाच माती भरत होती.