आमच्या गॅदरिंगमधलं विराटपर्व

वाईला लोक विराटनगरी म्हणतात. पांडव अज्ञातवासात इथेच राहिले ही आमच्याकडची पक्की समजूत, गावाबाहेर पांडवगड, गावात भीमकुंड आळी, धर्मपुरी, अजून काय पाहिजे. अभ्यासक विराटाचं मत्स्यराज्य राजस्थानात जयपूरकडे दाखवतात, तेही बरोबरच असेल, पण आम्हा पोरांसाठी कीचक कृष्णाकाठीच मेला होता. त्यामुळे शाळेच्या गॅदरिंगला महाभारतातला प्रवेश म्हटलं की बहुतेक वेळा विराटपर्वच निघायचं.

दिवाळीची सुट्टी संपली की तालमी सुरू, शाळा सुटल्यावर बाकं भिंतीला लावायची आणि अंधार पडेपर्यंत आरडाओरडा. भाड्याची ड्रेपरी यायची, ट्रंक उघडली की डांबरगोळ्यांचा वास, आत मुकुट, शेले, मोत्यांच्या माळा. सगळ्यांना मुकुट हवा असायचा आणि इथेच गंमत होती, कारण विराटपर्वात मुकुट विराटाला, पांडवांपैकी कुणालाच नाही! युधिष्ठिर कंक होऊन राजाशी फासे खेळतोय, भीम बल्लव म्हणून मुदपाकखान्यात, नकुल घोड्यांकडे, सहदेव गाईंकडे, अर्जुन बृहन्नडा होऊन राजकन्या उत्तरेला नाच शिकवतोय, द्रौपदी सैरंध्री होऊन राणीची वेणीफणी करतेय. आमच्या बाईंनी भीमाची गदा काढून घेतली आणि त्याला कुणाच्या तरी घरचा लग्नातला मोठा झारा दिला. मला अजूनही वाटतं की ते फार थोर डोकं होतं, कारण झारा घेऊन उभा राहिलेला भीम स्टेजवर गदेवाल्या भीमापेक्षा जास्त भारी दिसायचा.

पण सगळ्यात आवडता प्रवेश उत्तरकुमाराचा. कौरवांनी गाई पळवल्या (बालवाडीची पोरं गाई व्हायची, त्यांच्या आया पहिल्या रांगेत), आणि राजवाड्यात बायकांसमोर मोठ्या गप्पा मारणारा विराटाचा मुलगा उत्तर बृहन्नडेला सारथी करून निघतो. उत्तरा सांगते, बृहन्नडे, भीष्म-द्रोणांना जिंकलंस की आमच्या बाहुल्यांसाठी त्यांची छान रंगीत वस्त्रं आण हं. युद्धाला निघालेल्या माणसाला असं काम सांगणारी पोर मला दुसरीकडे कुठे भेटली नाही. मग समोर कौरवसेना दिसते आणि उत्तर रथातून उडी मारून पळत सुटतो, बृहन्नडा बांगड्या नि वेणीसकट त्याच्या मागे, आमच्याकडे तर दोघं स्टेजवरून खाली उतरून प्रेक्षकांमधून धावायचे आणि पूर्ण पटांगण उभं राहायचं. शंभर पावलांवर त्याला केस धरून पकडतो, शमीच्या झाडाखाली नेतो, वर बांधलेली शस्त्रं उतरवायला लावतो आणि सांगतो की मी अर्जुन. उत्तराला खरं वाटत नाही, तो म्हणतो अर्जुनाची दहा नावं सांग बघू. अर्जुन, फाल्गुन, जिष्णु, किरीटी... ही नावं सुरू झाली की प्रेक्षकांतल्या आज्ज्या सोबत म्हणायच्या, वीज कडाडली की हीच नावं घ्यायची सवय त्यांच्या पिढीला.

नंतर अर्जुन लढतो आणि ज्याला पळताना पकडला तोच उत्तर त्याचा रथ हाकतो. संमोहनास्त्राने कौरव निपचित पडले की उत्तर उतरून उपरणी काढतो, द्रोण-कृपांची पांढरी, कर्णाचं पिवळं, दुर्योधन-अश्वत्थाम्याची निळी. अर्जुन बजावतो, भीष्मांना या अस्त्राचा तोड माहितीय, ते जागे आहेत, त्यांच्या बाजूने जाऊ नकोस. आमचे भीष्म पडल्या पडल्या एक डोळा उघडायचे आणि टाळ्या!

विराटाने कंकाला फासा फेकून मारला आणि नाकातून रक्त आलं, ते जमिनीवर पडू नये म्हणून सैरंध्रीने भांडं धरलं, हा भाग एका वर्षी केला होता. कुंकवाचं पाणी होतं तरी लहान पोरं रडली, मग पुढे तो गाळला.

शेवटी पांडव ओळख सांगतात, विराट उत्तरेचं लग्न अर्जुनाशी लावायला निघतो आणि अर्जुन म्हणतो, मी तिला नाच शिकवलाय, ती मला मुलीसारखी, सून म्हणून देतोस तर घेतो. अभिमन्यूसाठी. आमच्या बाई हे वाक्य स्वतः विंगेत उभ्या राहून ऐकायच्या, दरवर्षी.

तुमच्या शाळेत यंदा काय बसवायचं असा प्रश्न असेल तर उत्तरकुमार घ्या. अख्खा वर्ग मावतो त्यात, गाईंसकट.