हवेत दाबलेली छाती

लातूरची एप्रिलमधली दुपार, बीएस्सी नर्सिंगची 32 मुलंमुली आणि व्हीआरचे, म्हणजे डोळ्यांसमोर आभासी जग उभं करणारे, हेडसेट चार. प्रसंग एकच: वॉर्डात पेशंट अचानक कोसळतो आणि त्याला सीपीआर द्यायचा, म्हणजे छाती दाबून रक्त फिरतं ठेवायचं. एका पाळीला 12 मिनिटं, हेडसेट पुसून दुसऱ्याच्या डोक्यावर बसवायला 4. आठ पाळ्यांचे दोन तास आठ मिनिटं होतात आणि बॅटरी टिकते जेमतेम दोन तास. त्यामुळे पॉवर बँक आधीच लावून ठेवल्या होत्या.

पहिला खोळंबा अंबाड्यांनी केला. मागचा पट्टा अंबाड्यावर चढला की हेडसेट नाकावर घसरतो आणि सगळं धूसर दिसतं. या उन्हात तेल, घाम, काजळ आलंच. फोमची गादी ते पिऊन घेते, म्हणून वर सिलिकॉनचं कव्हर घालावं. भिंगांना स्पिरिट अजिबात लावू नये, लेप खराब होतो. कोरडं मायक्रोफायबर पुरतं.

पाचव्या मिनिटाला एक जण म्हणालीच, "मॅडम, गरगरायलंय." लगेच खुर्चीत बसवून हेडसेट काढला. डोळ्यांना चालल्यासारखं दिसतं, आतल्या कानाला मात्र शरीर जागेवरच असल्याचं कळतं. त्यातून हे होतं. "थोडं सोस" म्हणणारा शिक्षक ओकारीलाच आमंत्रण देतो.

पश्चिमेचं ऊन आत येत होतं. ते भिंगातून आत शिरलं तर पडदा जाळतं, म्हणून खिडक्या झाकल्या. तेवढ्यात लाइट गेली. अंधारात हेडसेटच्या कॅमेऱ्यांना खोली ओळखू येईना, ट्रॅकिंग, म्हणजे हालचालींचा माग, सुटलं; राउटर बंद पडल्यानं मुलांना काय दिसतंय ते आम्हालाही दिसेना. एक मुलगी तरी हवेतच छाती दाबत होती, तोंडानं आकडे मोजत.

लाइट आल्यावर तिचा निकाल पाहिला. हाक, मदतीची मागणी, श्वास-नाडी तपासणं, सगळं क्रमानं. दाबांचा वेग मिनिटाला 110, म्हणजे 100 ते 120 मध्ये चोख. मग तिला जमिनीवरच्या मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, घेतलं. दाब 5 सेंटिमीटर गेला की आमचं मॅनिकिन 'टक्' वाजतं. 30 दाबांत टक् आलं चार वेळा. कोपरं वाकलेली, खांदे हातांच्या मागे. हवेत छातीचा प्रतिकारच नसतो आणि हातात धरलेला कंट्रोलर फक्त हाताची वरखाली हालचाल मोजतो. वजन पडलं की नाही, त्याला काय कळणार?

कंट्रोलर सोडून मोकळ्या हातांनी मॅनिकिनवरच व्हीआर चालवायचं, हेही करून पाहिलं. पण सीपीआरमध्ये एका तळव्यावर दुसरा येतो, खालचा हात कॅमेऱ्याला दिसत नाही आणि चित्रातले हात गायब होतात.

सहकारी सरांची तक्रार वेगळीच: "हेडसेट घातलेल्या प्रत्येकाजवळ एक माणूस उभा पाहिजे, नाहीतर कुणीतरी कपाटावर आपटणार. आपण दोघंच." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. उरलेल्या दोन पाळ्यांना सरळ मॅनिकिनवरच घेतलं. पुढच्या बॅचला हेडसेटमध्ये फक्त क्रम आणि निर्णय. दाब मॅनिकिनवर, त्याच तासाला, लगेच.