माकूलाचं प्रथिन, माणसाची पेशी आणि चिमूटभर मीठ

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला एक स्क्विड सापडतं, डोरिट्यूथिस ओपॅलेसन्स. आपल्याकडच्या माकूलाचंच भावंड. त्याची मादी अंगावरचा एक पट्टा पारदर्शक ठेवते आणि हवा तेव्हा पांढराफेक करते. यात रंगद्रव्य नाही. पेशींत रिफ्लेक्टिन प्रथिनाच्या बारीक गोळ्या असतात, त्या प्रकाश विखुरतात. पेशीद्रवाचा अपवर्तनांक (पदार्थ प्रकाशाला किती वाकवतो त्याचं माप) 1.37च्या आसपास, तर रिफ्लेक्टिनच्या पातळ थराचा 1.59पर्यंत मोजला गेलाय. सगळा खेळ या फरकाचा.

2020 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन केंद्रात अलोन गोरोडेत्स्कींच्या गटानं माणसाच्या एचईके 293 या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या पेशींकडून रिफ्लेक्टिन ए1 (रिफ्लेक्टिनचाच एक प्रकार) बनवून घेतलं. पेशींत तशाच गोळ्या तयार झाल्या, आणि माध्यमातलं, म्हणजे पेशी ज्या पोषक द्रवात वाढतात त्यातलं, मीठ वाढवलं की पेशी जास्त प्रकाश विखुरू लागल्या. फार सुंदर काम आहे.

असा प्रयोग करताना रिफ्लेक्टिनचं जनुक पेशीत घालणं त्यामानानं सोपं. फसगत होते ती मिठापाशी. 10 मिली माध्यमात 5 मोलर मिठाचं द्रावण 200 मायक्रोलिटर घातलं, की मीठ सुमारे 100 मिलिमोलरनं वाढतं. डीएमईएम या नेहमीच्या माध्यमात मुळात असतं साधारण 110 मिलिमोलर. म्हणजे जवळजवळ दुप्पट! पेशीतलं पाणी बाहेर येतं, पेशी आक्रसते, आणि रिफ्लेक्टिन नसलं तरी तिचा अपवर्तनांक वाढतोच. म्हणून रिफ्लेक्टिनविना तोच प्लाझ्मिड (जनुक पेशीत नेणारं डीएनएचं वर्तुळ) घातलेल्या पेशी तुलनेसाठी शेजारी हव्यातच. शिवाय एका वेलमध्ये (पेशी वाढवायच्या ताटलीतल्या खळग्यात) मिठाऐवजी 200 मिलिमोलर मॅनिटॉल ही साखरेसारखी वस्तू घालावी. परासरण दाब, म्हणजे पेशीतलं पाणी बाहेर ओढण्याचा जोर, जवळपास तेवढाच, पण क्षार नाही. त्यामुळे परिणाम आक्रसण्याचा की आयनांचा, हे कळतं.

मीठ थेट वेलमध्ये टाकू नये. वेगळ्या नळीत माध्यमात मिसळून, 37 अंशांवर आणून, भिंतीच्या कडेनं हळू सोडावं. एचईके पेशींची पकड कच्ची असते. जोरात ओतलं की पेशींचा पापुद्रा सुटतो, आणि ती मोकळी जागा मोजणीत ‘पारदर्शक’ म्हणून येते. काचेवर आधी पॉलिलायसिनचा, म्हणजे पेशी चिकटवून ठेवणाऱ्या पदार्थाचा, थर द्यावा, आणि प्रत्येक मोजणीच्या जागेचा फोटो आधी आणि नंतर घ्यावा. झाकणाच्या आतल्या बाजूला साचलेली वाफही पांढरेपणा दाखवते. मोजण्याआधी झाकण बदला.

शेवटी साधं माध्यम परत घालून बघावं. पेशी पुन्हा पारदर्शक झाल्या नाहीत, तर ट्रायपॅन ब्लू हा रंग टाका. निळ्या झालेल्या पेशी मेलेल्या आहेत, त्यांचे आकडे वगळा.