वेंगुर्ल्याच्या काजूबागेत: ढेकण्या, ओंबील आणि मुंगीच्या वेषातला कोळी

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवस वेंगुर्ल्याजवळ मामाच्या काजूबागेत काढले. ढेकण्या या काजूच्या किडीवर जगणारं झाडावर नक्की कोण कोण आहे, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. बागायतदार असाल, प्राणिशास्त्राचे विद्यार्थी असाल किंवा किडे बघायची नुसती आवड असेल, तरी जायचं तर याच दिवसांत जा. काजूला पालवी आणि मोहोर दोन्ही असतात. कोवळ्या भागावर किडी येतात आणि त्यांच्यामागून त्यांना खाणारे येतात.

मुंबईहून रात्रीच्या कोकणकन्येने निघालं की सकाळी कुडाळ. तिथून एसटीने वेंगुर्ले.

ढेकण्या म्हणजे टी मॉस्किटो बग, हेलोपेल्टिस अँटोनी. इंग्रजी नावात डास असला तरी हा ढेकणाच्या गोतातला, रस शोषणारा कीटक. काळं डोकं, तांबूस छाती आणि पाठीवर टाचणीसारखा उभा काटा, त्याच्या टोकाला गोल गाठ. ती टाचणी दिसली की ओळख पक्की. सोंड खुपसली तिथे डाग पडून काळा होतो, मग शेंडा करपतो, मोहोर वाळतो. अंडी बघायला मात्र भिंग हवंच. मादी अंडं कोवळ्या देठाच्या आत घालते. बाहेर दिसतात ते फक्त केसासारखे दोन पांढरे तंतू, एक लांब, एक आखूड. पहिली जागा सापडायला मला दीड तास लागला. एकदा नजर बसल्यावर पुढच्या तासात अकरा सापडल्या. या अंड्यांतच टेलेनोमस नावाच्या इवल्याशा गांधीलमाश्या आपली अंडी घालतात आणि ढेकण्याच्या पिल्लाऐवजी नवी गांधीलमाशी बाहेर पडते. माशी मला दिसली नाही. तिच्यासाठी देठ घरी आणून जाळीच्या झाकणाच्या बाटलीत ठेवावे लागतात. पुढच्या खेपेला तेच करणार आहे.

दुसऱ्या दिवशी बागेच्या खालच्या अंगाला गेले. मामा मागून ओरडला, "थंय हात लावू नको गो, ओंबील आसत!" ओंबील म्हणजे पानं जोडून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या. एक घरटं चालू कामात होतं. दहा-बारा मुंग्या एकमेकींची कंबर धरून पानाची कड ओढत होत्या आणि दुसरी एक मुंगी तोंडात पांढरी अळी धरून ती या पानावरून त्या पानावर टेकवत होती. रेशीम मुंगीला येत नाही, अळीला येतं. त्या धाग्याने पानं शिवली जातात. मी अर्धा तास तिथेच उभी होते.

ओंबील असलेल्या झाडांचे शेंडे हिरवे होते. चार दिवसांत, एका बागेत पाहिलेलं आहे, याहून मोठा दावा मी करणार नाही. पण उत्तर ऑस्ट्रेलियात रेनकांग पेंग आणि कीथ ख्रिश्चन या संशोधकांनी याच जातीच्या मुंग्या किडी आवरायला काजू आणि आंब्याच्या बागांत वर्षानुवर्षं वापरून पाहिल्या आहेत. त्यांच्या कामातली एक गोष्ट आपल्या बागायतदारांनी जरूर घ्यावी. दोन वसाहतींच्या मुंग्या एकमेकींना मारतात. म्हणून एकाच वसाहतीची झाडं दोरीने जोडायची आणि दुसऱ्या वसाहतीच्या झाडांच्या फांद्या त्यांना टेकू द्यायच्या नाहीत. मामाची तक्रारही खरी आहे: बी गोळा करणाऱ्या बायकांना या मुंग्या फोडून काढतात आणि गोड स्रावासाठी पिठ्या ढेकणाला सांभाळतात. हातमोजे आणि पूर्ण बाह्या लागतातच.

आता ज्याच्यासाठी मुख्यतः लिहायला बसले तो कोळी. मुंग्यांच्या रांगेपासून वीतभर दूर एक 'मुंगी' एकटीच चालली होती, पुढचे दोन पाय मिश्यांसारखे वर धरून. पाय मोजले, आठ. पानाला जरा धक्का दिला तशी ती धाग्यावर खाली लोंबली. तो मिर्माप्लाटा, ओंबिलीची हुबेहूब नक्कल करणारा उडी मारणारा कोळी. खरी ओंबील धाग्यावर लोंबत नाही, उलट अंगावर चाल करून येते. ओळखायला एवढी खूण पुरे. अमिसिया हा खेकडाकोळीही अशीच नक्कल करतो, पण तो ओंबिलीच खातो. पोटाच्या मागच्या टोकाला डोळ्यांसारखे दोन काळे ठिपके असतील तर तो समजा. मला सापडला नाही.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या एका बागेत गेले. आदल्या दिवशीच फवारणी झाली होती. पांढरी छत्री उलटी धरून फांदी झटकली, तर छत्रीत पडले ते मेलेले कोळी आणि ढेकण्याला खाणाऱ्या मारक ढेकणाची दोन पिल्लं. फार वाईट वाटलं. ढेकण्या नुकसान करतो आणि पालवी, मोहोर, फळधारणा अशा तीन टप्प्यांवर फवारणीची शिफारस आहे, हे मला माहीत आहे. तरी पंप पाठीला लावण्याआधी दहा-वीस झाडं छत्रीत झटकून बघा, एवढं कळकळीने सांगते. फवारलेल्या बागेत मात्र लगेच शिरू नका.

वेंगुर्ल्याचं प्रादेशिक फळ संशोधन केंद्र 1957 पासून आहे, वेंगुर्ला 4 आणि वेंगुर्ला 7 ही कलमं तिथलीच. कामाच्या दिवशी, आधी विचारून जा. डाग पडलेल्या शेंड्याचे फोटो बरोबर न्या, बोलणं लगेच मुद्द्यावर येतं.

सामानात दहापट भिंग, पांढरी छत्री, विजेरी आणि वही पुरेशी. सकाळी सात ते दहा सगळ्यात चांगलं. विजेरी घेऊन रात्रीही एक फेरी मारा, जाळी विणणारे बरेच कोळी तेव्हा कामाला लागतात. फोटोंवर भागवा. नमुने उचलायचे असतील तर मालकाची आणि लागेल ती सरकारी परवानगी आधी घ्या.

आणि ज्या घरात उतराल त्याच्या पडवीचे वासे बघायला विसरू नका. मामाकडे तिथे कुंभारीण माशीची मातीची घरं होती. माशी निघून गेलेलं म्हणून एक फोडलं, तर ते भरलेलं निघालं: आत अळी नव्हती, चौदा कोळी होते, सगळे माशीने आपल्या अळीसाठी डंखून लुळे केलेले, पाय जवळ घेतलेले. त्यातल्या एकाचा पाय भिंगाखाली अजून हलत होता.